माजघरांतून : थोरल्या आजींची तसबीर

आमचा जुना वाडा उतरवून त्या जागीं नवी इमारत उभी राहावयाची, असें ठरल्यापासून गेले तीन महिने आमच्या घरांत आवराआवरीवांचून दुसरा विषय नाहीं. चार पिढ्यांचा संसार ज्या घरांत झाला, तेथें माळ्यावरून काय काय खालीं येतें ह्याची कल्पना ज्यांनीं असें घर रिकामें केलें आहे त्यांनाच यावयाची. पितळी समया, मोडके पाट, तांब्याचा बंब, कोणाच्या तरी मुंजींतलें लहानसें पळीपंचपात्र, आणि जीं कोणासहि नको असतात पण टाकून देण्याचें धैर्यहि कोणास होत नाहीं अशीं कागदांचीं गाठोडीं! ह्या सर्वांत वादाचा विषय मात्र झाली ती एक तसबीर. त्या वादांतून मला जें शिकावयास मिळालें, तें ह्या महिन्यांत वाचकभगिनींपुढें, आणि हें सदर चोरून वाचणाऱ्या बंधूंपुढेंहि, ठेवावें असें मनांत आहे.

माजघराच्या भिंतीवर, देवघराच्या दारालगत, ती तसबीर मी लग्न होऊन ह्या घरांत आलें त्या दिवसापासून पाहत आहें. आमच्या मामंजींच्या आजी, ज्यांना घरांत सर्वजण 'थोरल्या आजी' म्हणतात, त्या खुर्चीवर ताठ बसलेल्या आहेत. डोक्यावरून आलवणाचा पदर घट्ट ओढून घेतलेला, हात मांडीवर, कपाळ, गळा, मनगटें सर्व मोकळीं. त्यांना बाविसाव्या वर्षीं वैधव्य आलें आणि त्या काळच्या रूढीप्रमाणें त्यांचें केशवपन झालें. पदरीं दोन वर्षांचा मुलगा होता. त्या मुलानें पुढें १९२५ सालीं वकिलीची सनद मिळविली, तेव्हां पहिल्या कमाईंतून त्यानें आईला स्टुडिओंत नेऊन हा फोटो काढविला. त्यांचा दुसरा फोटो नाहीं. इतक्या वर्षांत कांचेच्या आंत ओल शिरून चित्राचा एक कोपरा पांढरा पडला होता, आणि पदराची कड व तिच्यालगतचा कपाळाचा भाग कसरीनें खाऊन टाकला होता.

माझ्या धाकट्या जाऊबाईंची मुलगी महाविद्यालयांत शिकते. हल्लींच्या मुलांना यंत्रांची भीति नाहीं आणि जुन्या वस्तूंची ममता नाहीं, असें आपण म्हणतों. पण पहिली गोष्ट जितकी खरी तितकीच दुसरी खोटी आहे. तसबीर उतरवितांना तिची ती अवस्था पाहून ह्या पोरीलाच सर्वांच्या आधीं वाईट वाटलें. तिनें कांचेवरची धूळ पुसली, मोबाइलवर तसबिरीचा फोटो घेतला, आणि जुनीं छायाचित्रें सुधारून देणारें एक साधन आंतरजालावर फुकट मिळतें, त्याच्या तो स्वाधीन केला. अर्धें मिनिट गेलें नसेल तोंच ती ओरडली, "काकू, हें बघा!"

मीं पाहिलें आणि पाहतच राहिलें. ओलीचा पांढरा डाग नाहींसा झाला होता. कसरीनें खाल्लेलें कपाळ भरून आलें होतें. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्या होत्या, डोळ्यांत तेज आलें होतें, ओठांच्या कोपऱ्यांत किंचित् हंसूं होतें. सगळ्या चित्राला रंग चढला होता. अंगावर गर्द हिरवें लुगडें, आणि पदराच्या कडेखालीं मधोमध भांग पाडलेले काळेभोर केस! वन्सं तर डोळे पुसूं लागल्या. "थोरल्या आजी इतक्या सुरेख असतील असें कधीं वाटलेंच नव्हतें," त्या म्हणाल्या; आणि त्याच संध्याकाळीं मोठी प्रत छापून, तिला सोनेरी चौकट करून आणण्याचें फर्मान सुटलें. खोटें कशाला बोलूं, मलाहि आनंदच झाला. केसांकडे माझें लक्ष गेलें नाहीं असें नाहीं. पण इतक्या गोड चित्रांत तेवढें एक काढून दाखवावें, असें माझ्या मनानें घेतलें नाहीं.

पुढच्या आठवड्यांत आमच्या आत्याबाई वाड्याचा निरोप घ्यावयास म्हणून चार दिवस राहावयास आल्या. ह्या मामंजींच्या धाकट्या भगिनी. वय एकोणनव्वद, ऐकूं थोडें कमी येतें, पण दृष्टि आणि स्मरण दोन्ही शाबूत. थोरल्या आजींना प्रत्यक्ष पाहिलेलें असें आतां घरांत त्यांच्यावांचून कोणी उरलेलें नाहीं. नवी तसबीर वन्संनीं मोठ्या हौसेनें त्यांच्या हातीं दिली. त्यांनीं ती उजेडाकडे धरून पुष्कळ वेळ पाहिली आणि विचारलें, "छान आहे. पण ही कोण?"

"अहो आत्या, ही तुमची आजी!" वन्सं मोठ्यानें म्हणाल्या.

"नव्हे, ग." एवढेंच म्हणून आत्याबाईंनीं ती तसबीर शेजारीं ठेवली. मग थोड्या वेळानें त्या आपण होऊन बोलूं लागल्या. "आजीच्या डोक्यावर केस नव्हते. मी लहान असतांना तिच्या मांडीवर निजें, आणि पदराखालून हात घालून तिच्या डोक्यावरून फिरवीं. दोनचार दिवसांचे खुंट हाताला खरखरीत लागत. मला त्याची गंमत वाटे. न्हावी यावयाचा त्या दिवशीं ती मागच्या पडवींत जाऊन बसे, आणि दुपारपर्यंत कोणाशीं एक शब्द बोलत नसे. तेव्हां मला त्याचें कारण कळत नव्हतें. मला शाळेंत घालावयाचें कीं नाहीं ह्यावर घरांत वाद झाला, तेव्हां मात्र ती बोलली. म्हणाली, हिला शिकवा; पडवींत बसण्याची पाळी हिच्यावर येऊं देऊं नका."

माझी पुतणी हें सारें ऐकत होती. तिनें विचारलें, "पण आत्याआजी, त्यांचे केस काढले कां?"

ह्या प्रश्नानें आम्ही सगळ्याजणी क्षणभर गप्प राहिलों. वीस वर्षांची, शिकलेली, ह्याच घरांत वाढलेली मुलगी. गोष्ट तिच्याच खापरपणजीची. आणि ती तिला ठाऊक नव्हती! दोष तिचा नव्हे, आमचा. अण्णासाहेब कर्व्यांनीं १८९६ सालीं पुण्यास विधवांसाठीं आश्रम काढला, हें तिनें शाळेच्या पुस्तकांत वाचलें होतें. पण तो ज्यांच्यासाठीं काढावा लागला त्यांपैकींच एक जण आपल्या माजघराच्या भिंतीवर आहे, हें तिला कोणी सांगितलें नव्हतें. सांगणारी अशी घरांत ती एक तसबीर उरली होती, आणि तिच्यांतूनच आम्ही ती गोष्ट पुसून टाकावयास निघालों होतों.

वन्संना हें पटलें नाहीं. आणि त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ होतें असें मी म्हणणार नाहीं. "त्या बिचारीला जन्मभर जें मिळालें नाहीं, तें निदान तसबिरींत तरी मिळूं दे," त्या म्हणाल्या. "तिची विटंबना भिंतीवर टांगून आपल्याला काय मिळावयाचें आहे?"

आत्याबाई शांतपणें म्हणाल्या, "तिला केस परत मिळाले नाहींत, बाई. काढणाऱ्यांची लाज तेवढी झांकली गेली." ह्याला कोणालाहि उत्तर सुचलें नाहीं, मला तर अजूनहि सुचलेलें नाहीं.

आतां ह्यांत त्या यंत्राचा अपराध कोणता, हें नीट समजून घेतलें पाहिजे. नाहींतर आपण त्याला उगाच शिव्या देऊं, किंवा त्याहून वाईट म्हणजे उद्यां पुन्हां त्याच्यावर भाबडा विश्वास टाकूं. यंत्रानें थोरल्या आजींना पाहिलें नव्हतें. त्याला शिकविलें जातें तें इतर असंख्य माणसांच्या छायाचित्रांवरून. त्यामुळें चित्र जेथें नष्ट झालें असेल, तेथें पूर्वीं काय होतें हें तें शोधून काढीत नाहीं. अशा जागीं बहुतेक चित्रांत जें आढळतें, तें तेथें भरतें. बहुतेक बायकांच्या पदराखालीं केस असतात, म्हणून त्यानें केस घातले. फोटोसाठीं बसलेलीं माणसें बहुधा हंसतात, म्हणून त्यानें हंसविलें. जें पुष्कळांचें तेंच सर्वांचें, असें धरून चालणाऱ्या यंत्राला जें थोड्यांच्याच वांट्याला आलें तें दिसावें कसें?

ह्याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२० सालीं 'पल्स' नांवाची एक योजना पुढें आणली. अगदीं अस्पष्ट, चौकटी चौकटी दिसणाऱ्या चेहऱ्यावरून ती रेखीव चेहरा तयार करून देई. त्याच वर्षीं तिला माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा ह्यांचें असें अस्पष्ट केलेलें छायाचित्र देण्यांत आलें, तेव्हां तिनें एका गोऱ्या गृहस्थाचा चेहरा काढून दिला! चेहरा स्पष्ट होता, नाकडोळे नीट होते. फक्त तो ओबामांचा नव्हता.

रंगांची गोष्ट ह्याहून मौजेची आहे. काळ्यापांढऱ्या चित्रांत मूळचे रंग कोठें तरी लपून बसलेले असतात आणि यंत्र ते बाहेर काढतें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. जुन्या काळीं ज्या कांचांवर फोटो काढीत, त्या मुख्यतः निळ्या प्रकाशालाच दाद देत. तांबडा प्रकाश त्यांना जवळजवळ दिसतच नसे. १८७३ सालीं बर्लिनच्या हेर्मान फोगेल ह्यांना असा शोध लागला कीं, लेपांत विशिष्ट रंगद्रव्यें मिसळलीं असतां कांचेला इतर रंगहि टिपतां येतात. सर्व रंगांना दाद देणाऱ्या कांचा मात्र १९०६ च्या सुमारास लंडनमध्यें विक्रीस आल्या, आणि त्यानंतरहि जुन्या धर्तीच्या कांचा पुष्कळ वर्षें वापरांत होत्या. कारण त्या तांबड्या दिव्याच्या उजेडांत धुतां येत, नव्या धुवावयास पुरता अंधार लागे. ह्या जुन्या कांचांवर कपाळींचें कुंकू काळा ठिपका होऊन उमटे, आणि निळें आकाश कोरें पांढरें पडे.

थोरल्या आजींचें आलवण तांबडें होतें, असें आत्याबाई सांगतात. फोटोंत तें जवळजवळ काळें दिसतें. यंत्रानें तो काळसरपणा पाहिला आणि त्याचा गर्द हिरवा रंग ठरविला. विधवेच्या तांबड्या आलवणाचें सवाष्णीचें हिरवें लुगडें झालें, तें अशा रीतीनें!

ज्यांनीं ही विद्या घडविली त्यांनीं कांहीं लपवून ठेवलें आहे, असेंहि नाहीं. २०१६ सालीं बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनीं रंग भरण्याची एक पद्धति प्रसिद्ध केली. तिची परीक्षा त्यांनीं कशी घेतली पाहा. खरें रंगीत छायाचित्र आणि यंत्रानें रंगविलेलें छायाचित्र, अशीं दोन्ही माणसांना दाखवून, ह्यांतलें खोटें कोणतें असें विचारलें. शंभरांपैकीं सुमारें ३२ खेपांना माणसें फसलीं. त्या काळच्या मानानें हें मोठेंच यश होतें. परंतु ह्यावरून आपण ध्यानांत घ्यावयाचें तें हें कीं, ह्या विद्येची कसोटी 'खरें दिसतें कीं नाहीं' ही आहे. 'खरें आहे कीं नाहीं' ही नव्हे.

जुन्या काळचे फोटो अगदीं सत्यवादी होते, असेंहि कोणी समजूं नये. म्यूनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल ह्यांनीं १८५५ सालींच पॅरिसच्या प्रदर्शनांत मूळ प्रतिमेवर हात फिरवून सुधारलेलें छायाचित्र मांडलें होतें, आणि लोक तें पाहून थक्क झाले होते. मुंबईस छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालीं निघाली. पुढें आपल्याकडे स्टुडिओ वाढले, आणि त्यांबरोबर शिसपेन्सिलीनें सुरकुत्या घालविणारे व छापील प्रतीवर कुंचल्यानें शालूचे कांठ आणि नथीचे मोतीं रंगविणारे कारागीरहि आले. पण तो कारागीर समोर असे. त्याला सांगतां येई, हटकतां येई. आणि त्यानें रंग दिलेला आहे हें पाहणाऱ्याच्या लगेच ध्यानांत येई. आजचें साधन कोणाला विचारीत नाहीं. काय बदललें तें सांगतहि नाहीं. आणि त्याचें काम इतकें सफाईचें असतें कीं, वीस वर्षांनीं ती प्रत हातीं पडलेल्या नातवंडाला शंका येण्यासहि जागा उरत नाहीं.

एका कुटुंबाच्या तसबिरींत एवढें काय बिघडलें, असें ज्यांना वाटेल त्यांनीं कंबोडियाची हकीकत ऐकावी. तेथें १९७५ ते १९७९ पर्यंत ख्मेर रूज पक्षाची राजवट होती. तुओल स्लेंग येथील तुरुंगांत त्या राजवटीनें हजारों निरपराधी माणसें डांबलीं, आणि मारण्यापूर्वीं त्यांचे फोटो काढून ठेवले. २०२१ सालीं त्यांपैकीं कांहीं फोटो एका परदेशी कलावंतानें रंगविले व ते एका पाश्चात्य प्रकाशनानें प्रसिद्ध केले. तेव्हां असें उघडकीस आलें कीं, मूळ फोटोंत ज्यांच्या चेहऱ्यावर हंसूं नव्हतें, अशा कित्येकांच्या चेहऱ्यावर नव्या फोटोंत तें आलेलें आहे! कंबोडियाच्या सांस्कृतिक खात्यानें निषेध केला, आणि ते फोटो मागें घेण्यांत आले. ही हकीकत वाचल्यावर थोरल्या आजींच्या ओठांवरचें तें किंचित् हंसूं मला निराळेंच दिसूं लागलें.

मग हीं साधनें वापरूंच नयेत कीं काय? तसें मुळींच नाहीं. जुन्या फोटोवरचे डाग, चरे, घड्या घालविणें हें ज्या कामासाठीं पूर्वीं वाकबगार कारागीर शोधावा लागे व त्याचे पैसे मोजावे लागत, तें आज घरबसल्या आणि फुकट होतें. ही गोष्ट लहान नाहीं. फक्त ह्या साधनांत दोन जाति आहेत, त्या ओळखतां आल्या पाहिजेत. एक जात रफू करणारी, आणि दुसरी नवें वस्त्र विणणारी. चांगला रफूगार त्याच शालीचा धागा काढून तिचें भोंक भरतो. त्याप्रमाणें पहिल्या जातीचीं साधनें डागाशेजारचाच पोत उचलून डागावर बसवितात. कोठून उचलावयाचा आणि कोठें बसवावयाचा हें आपण ठरवावयाचें असतें. दुसऱ्या जातीचीं साधनें एक कळ दाबतांच सगळें चित्र नव्यानें रचून देतात. काम झटपट होतें; पण त्यांतला कोणता धागा जुना व कोणता नवा, हें मग कोणासच सांगतां येत नाहीं.

पहिल्या जातींत 'फोटोपी' नांवाचें एक साधन २०१३ सालापासून मिळतें. त्यासाठीं संगणकावर कांहीं बसवावें लागत नाहीं. नेहमींच्या ब्राउझरमध्येंच तें उघडतें. आपलें चित्र आपल्याच संगणकावर राहतें, दुसरीकडे पाठवावें लागत नाहीं. बाजूला जाहिराती दिसतात, तोच काय तो त्याचा मोबदला. 'गिंप' हें दुसरें. १९९५ च्या सुमारास बर्कली येथील दोघां विद्यार्थ्यांनीं तें सुरू केलें. तें संगणकावर उतरवून घ्यावें लागतें, पण त्याला एक पैसाहि पडत नाहीं. मोबाइलवरच काम करावयाचें असेल तर गूगलचें 'स्नॅपसीड' लहानसहान डागांना पुरेसें आहे. ह्या तिन्हींत रफू करण्याची सोय आहे. शिकावयास एकदोन संध्याकाळी लागतात. विणकामाचा नवा टांका शिकावयास तरी ह्याहून कोठें कमी लागतात?

ह्या प्रकरणांत माझी पुतणी आणि मी मिळून जें शिकलों, तें थोडक्यांत सांगतें. पहिली गोष्ट मूळ फोटोची. तो कांचेला चिकटलेला असेल तर ओढून काढूं नये. चित्राचा थरच कांचेबरोबर निघून येतो. अशा वेळीं कांचेसकटच, खिडकीच्या उजेडांत, फ्लॅश न वापरतां, कांचेवर आपलें प्रतिबिंब पडणार नाहीं अशा बेतानें त्याचा फोटो घ्यावा. फोटो मोकळा असेल तर स्कॅनरवर, इंचाला ६०० ठिपके ह्या प्रमाणांत, त्याची प्रतिमा घ्यावी. फोटो काळापांढरा असला तरी प्रतिमा रंगीतच घ्यावी, म्हणजे कागदाचा पिवळेपणा व डागांचा रंग कळून पुढें डाग काढणें सोपें जातें.

दुसरी गोष्ट, ही पहिली प्रतिमा देवघरांतल्या मूर्तीसारखी समजावी. तिच्यावर कोणतेंहि काम करूं नये. ती 'टिफ्' प्रकारांत सांठवावी. 'जेपेग' प्रकारांत चित्र बदलून पुन्हां पुन्हां सांठविलें तर दर खेपेस त्याचा थोडा थोडा बारकावा जातो. तिच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या, आणि सगळे प्रयोग तिसऱ्या प्रतीवर करावे.

तिसरी गोष्ट चेहऱ्याची. पाठीमागचा पडदा, खुर्ची, जमीन ह्यांवरचे डाग खुशाल भरावे. पण चेहरा जेथें गेला असेल तेथें रिकामी जागा रिकामीच राहूं द्यावी. घरांतल्या माणसाला ती रिकामी जागा खटकत नाहीं. परका चेहरा मात्र खटकतो, किंवा खटकत नाहीं हेंच त्यांतलें मोठें भय.

चौथी गोष्ट फुकटेपणाची. ज्या साधनाला चित्र दूरच्या संगणकावर पाठवावें लागतें, तेथें तें किती दिवस राहतें आणि त्याचा आणखी कशासाठीं उपयोग होतो, हें त्याच्या अटींत लिहिलेलें असतें. त्या कोणी वाचीत नाहीं, ही गोष्ट निराळी. आपल्या पणजीबाईंची गोष्ट एक वेळ सोडा; पण घरांतल्या लहान मुलांचे आणि सुनालेकींचे फोटो त्यांस न विचारतां, केवळ गंमत म्हणून अशा अनोळखी दारांत नेऊन टाकूं नयेत. शेजारच्या घरीं आपण आपल्या मुलींचे फोटो असे वांटीत नव्हतों. मग ह्याच दारीं एवढी उदारता कशासाठीं?

पांचवी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित. फोटोच्या पाठीमागें मऊ शिसपेन्सिलीनें नांव, नातें, गांव आणि साल लिहून ठेवावें. शाईच्या लेखणीनें लिहूं नये. ती पुढच्या बाजूला फुटते. आणि सुधारलेल्या प्रतीवर, काय सुधारलें आहे तेंहि लिहावें. एवढी एक ओळ असली म्हणजे रंगविलेलें चित्र खोटें राहत नाहीं. तें आपलें एक कल्पनाचित्र होतें, आणि कल्पनाचित्र काढण्यास कोणाचीच हरकत नसावी.

आमच्या घरचा वाद ह्याच शेवटच्या गोष्टीवर मिटला. माझ्या पुतणीनें चार संध्याकाळी बसून थोरल्या आजींच्या फोटोवरची ओल, बुरशी आणि चरे आपल्या हातानें भरून काढले. कपाळालगतची कसरीनें खाल्लेली पट्टी तशीच करडी राहूं दिली. रंग दिला नाहीं. त्या कामांत तिला एक गोष्ट दिसली, जी आम्हां कोणाला इतक्या वर्षांत दिसली नव्हती: थोरल्या आजींच्या मांडीवरच्या हातांत घडी घातलेला एक कागद आहे. तो काय असेल हें आत्याबाईंनाहि आठवेना. मुलाच्या सनदेचा असावा, असें आम्हां सर्वांना वाटतें. पण वाटतें म्हणून तसें लिहून ठेवलें नाहीं. त्या झटपट सुधारलेल्या चित्रांत त्या जागीं लुगड्याची नुसती एक घडी होती.

आत्याबाई होत्या त्या चार दिवसांत पुतणीनें त्यांच्याकडून थोरल्या आजींच्या सगळ्या गोष्टी बोलवून मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या, आणि मग शुद्ध मराठींत उतरवून काढल्या. पडवीची गोष्टहि त्यांत आहे, आणि शाळेचीहि. तीं पानें एका पाकिटांत घालून चौकटीच्या पाठीमागें लाविलीं आहेत. वन्संनीं केलेली सोनेरी चौकट कोणी बदलली नाहीं. तिच्यांत आतां हा खरा फोटो आहे. वन्संनींच तो आपल्या हातानें बसविला. हिरव्या लुगड्याचें चित्रहि फेकून दिलें नाहीं. 'यंत्रानें कल्पिलेलें' एवढे दोन शब्द खालीं लिहून तें पुतणीनें आपल्या वहींत ठेवलें आहे.

नव्या जागेंत माजघर असणार नाहीं. पण तसबीर कोठें लावावयाची हें मात्र ठरलें आहे: पुतणीच्या अभ्यासाच्या मेजासमोर. तिनेंच ती मागून घेतली.

वाचकभगिनींपैकीं ज्यांच्या घरीं अशी एखादी तसबीर असेल, आणि आमच्या आत्याबाईंसारखें एखादें वडील माणूसहि असेल, त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे: आधीं त्या माणसाजवळ बसा, आणि मग यंत्राकडे जा. यंत्र उद्यांहि असणार आहे, आणि आजच्याहून चांगलें असणार आहे. त्या माणसाविषयीं आपल्याला तसें म्हणतां येत नाहीं.